भाड्याचा घागरा

डिसेंबर सरत आला की आमच्या नेरसारख्या तालुक्याच्या गावीही स्नेहसंमेलनांचे मांडव उभे राहू लागतात. शिवारात कापसाची वेचणी चाललेली असते, तुरीच्या शेंगा भरत आलेल्या असतात, आणि इकडे शाळाशाळांतून ध्वनिक्षेपकांचा जो गजर सुरू होतो तो फेब्रुवारी उजाडेपर्यंत थांबत नाही. त्या गजरात एक कार्यक्रम हटकून असावयाचाच. ‘आता सादर होत आहे बंजारा नृत्य’ अशी घोषणा होते. आरशांच्या टिकल्यांनी लखलखणारे घागरे नेसलेल्या आठदहा मुली रंगमंचावर येतात. कोठल्या तरी चित्रपटातील गाणे लागते. चार मिनिटे गिरक्या होतात. आणि टाळ्यांच्या कडकडाटात पडदा पडतो. मुली वकिलांच्या, डॉक्टरांच्या, आमच्यासारख्या प्राध्यापकांच्या. घागरे यवतमाळच्या किंवा अमरावतीच्या दुकानातून एका रात्रीच्या भाड्याने आणलेले. दुसऱ्या दिवशी घागरे दुकानात परत जातात, आणि पहिल्या रांगेतील पाहुण्यांनी ‘आपल्या लोककलांचे संवर्धन’ या विषयावर केलेले भाषण वर्तमानपत्रात छापून येते.

या मांडवापासून कोस-दोन कोसांवर तांडा असतो. तेथील एकाही बाईस या संवर्धनाची वार्ता नसते.

आमचे म्हणणे आडपडदा न ठेवता सांगावयाचे तर असे आहे, की हे संवर्धन नव्हे, ही उचल आहे. आणि उचलही भलत्याच वस्तूची. तांड्याच्या घरात आम्ही शिरलो, घागरा तेवढा उचलला, आणि गाणे तेथेच टाकून बाहेर पडलो. हे लिहिताना आम्ही न्यायाधीशाच्या आसनावर बसलेलो नाही. उलट, या अपराधातील एक आरोपी म्हणूनच आम्ही बोलत आहो, आणि तो अपराध आधी सांगून टाकणे बरे.

काही वर्षांपूर्वी या भागातील एका लोकनृत्यस्पर्धेस परीक्षक म्हणून आम्हास बोलाविले होते. इंग्रजी शिकविणाऱ्या माणसास लोकनृत्यातील काय कळते, हा प्रश्न बोलावणाऱ्यांस पडला नाही, आणि खरे सांगावयाचे तर आम्हासही पडला नाही. आमच्या हाती गुणपत्रक दिले. त्यावर रकाने होते: वेशभूषा, ताल, नृत्यरचना, रंगमंचाचा उपयोग, एकूण परिणाम. शहरातील एका शाळेने वर वर्णिलेले ‘बंजारा नृत्य’ केले. त्यांच्या पायांत जराही चूक नव्हती. त्यानंतर एका तांड्याकडच्या शाळेतील मुली आल्या. त्यांच्या अंगावर शाळेचा गणवेश होता. घागऱ्याच्या भाड्यास पैसे नव्हते हे उघड दिसत होते. रंगमंचाच्या कडेला डफ घेऊन एक म्हातारा आणि त्याच्या शेजारी एक म्हातारी बाई, अशी दोन माणसे बसली. बाईने गळा लावला, मुलींनी ओळ उचलली, आणि वर्तुळ फिरू लागले. गाणे लांब होते. दिलेल्या वेळाच्या पुढे गेले. घंटा वाजली तरी म्हातारी थांबली नाही, कारण कडवे पुरे व्हावयाचे होते. आम्ही वेशभूषेच्या रकान्यात शून्य लिहिले, वेळेचे गुण कापले, आणि गाण्याच्या शब्दांस गुण देण्याची जागाच पत्रकावर नसल्यामुळे तेथे काही लिहिले नाही. पहिला क्रमांक भाड्याच्या घागऱ्यास गेला.

बक्षीससमारंभानंतर ती म्हातारी आमच्यापुढे येऊन उभी राहिली. तक्रार करावयास आली असेल असे वाटून आम्ही मनातल्या मनात उत्तर जुळवू लागलो. परंतु तिने विचारले ते वेगळेच. ‘सर, त्या पोरी लय चांगल्या नाचल्या. पन ते गानं कोनाचं होतं? आन् होळी तं अजून दूर हाये, मंग त्या कोनासाठी नाचल्या?’ आम्ही ‘याडी, ही स्पर्धा आहे’ असे काहीसे पुटपुटलो. बंजारा बोलीत याडी म्हणजे आई, इतके आम्हास ठाऊक होते, आणि एवढ्या ज्ञानाचाही आम्हास त्या वेळी अभिमान वाटत होता. तिच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मात्र आमच्याजवळ नव्हते. पुढे आम्ही ते शोधू लागलो, तेव्हा हळूहळू लक्षात आले की लोकनृत्याविषयी विचारण्यासारखे प्रश्न तेवढे दोनच आहेत: शब्द कोणाचे, आणि नाच कोणासाठी.

ज्यास आपण सरसकट ‘बंजारा नृत्य’ म्हणतो तसले काही तांड्यात नाही. तेथे लेंगी आहे, आणि ती होळीची आहे. श्रावणात तीज आहे, ती कुमारिकांची. टोपल्यांत गहू पेरावयाचे, नऊ दिवस पाणी घालावयाचे, उगवलेल्या पिवळ्या रोपांभोवती फेर धरून गावयाचे आणि शेवटी ती रोपे वाहत्या पाण्यात सोडावयाची. लग्नात ढावलो आहे. त्यात नवरी आपल्या माणसांच्या गळ्यात पडून गात रडते, की रडत गाते, हे ऐकणाऱ्यास सांगता येत नाही. वर्षात जन्मलेल्या मुलाचा होळीत धुंड करतात, तेव्हा आशीर्वादाचे वेगळे गाणे आहे. ज्याचा त्याचा महिना, ज्याची त्याची माणसे, ज्याचे त्याचे कारण. आषाढात लेंगी गाणे म्हणजे लग्नाच्या मांडवात मंगलाष्टकांऐवजी श्राद्धाचे मंत्र म्हणण्यापैकी आहे.

आणि लेंगी हे आधी गाणे आहे, मागाहून नाच. एकाने ओळ टाकावयाची, बाकीच्यांनी ती झेलावयाची. पाय शब्दांच्या मागोमाग येतात. त्या शब्दांत कृष्ण आहे, सेवालाल महाराज आहेत, दीर-भावजयीची थट्टा आहे, पिकाची आणि पावसाची बातमी आहे. अलीकडच्या लेंगीत दारूबंदी आहे, मुलीस शाळेत घालण्याचा आग्रह आहे, आणि पुढाऱ्यांची यथेच्छ हजेरीही आहे. म्हणजे तांड्याचे हे वर्तमानपत्रच म्हणावयाचे. ज्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून सारा हिंदुस्थान तुडवीत होते, त्यांची ही चालती-बोलती वही. १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपुरास पोचली आणि वऱ्हाडातील लदेणीचा व्यापार बसत गेला. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने फिरस्त्या जातींच्या कपाळी जो शिक्का मारला तो १९५२ साली कायदा रद्द होईपर्यंत पुसला गेला नाही, आणि लोकांच्या मनातून तर अद्यापही पुरता पुसलेला नाही. एवढी उलथापालथ झाली तरी तांड्याने जे हातचे सोडले नाही ते हे शब्द. आम्ही मात्र शब्द सोडून बाकी सगळे उचलले आहे. शब्दावाचून लेंगी म्हणजे केवळ व्यायाम. आणि व्यायामास जोर-बैठका काही वाईट नाहीत.

येथे कोणी म्हणेल, की घागरा तरी आम्ही जपतो ना? त्यास उत्तर आमच्या एका विद्यार्थिनीने देऊन ठेविले आहे. तांड्यातून आलेली, वर्गात पहिल्या बाकावर बसणारी मुलगी. निबंधास विषय ‘माझी आई’ असा दिला होता. तिने लिहिले की आई फेटिया, काचळी आणि डोक्यावर टुकरी घालून बाजारास निघाली म्हणजे बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राहते. म्हणून आईने साडी नेसावी असा हट्ट मीच धरला, आणि आईने तो पुरविला. त्याच वर्षी त्याच आईचा वेष भाड्याने आणून आमच्या महाविद्यालयाच्या संमेलनात टाळ्या घेतल्या गेल्या. ज्या कपड्याने बसमधली जागा रिकामी पडते तोच कपडा रंगमंचावर चढला की पहिले बक्षीस मिळवितो. यास रसिकता म्हणावयाचे असेल तर म्हणा. त्या मुलीने आईस साडी नेसविली यात तिची यत्किंचितही चूक नाही. वजनदार घागरा, बाहुभर बलिया आणि कानशिलावरचे चांदीचे लोंबते दागिने अंगावर वागवीत उन्हात निंदणी करावी, असा आग्रह धरण्याचा अधिकार पंख्याखाली बसून लिहिणाऱ्या आम्हास कोणी दिला? वेष हा बदलावयाचाच. आमच्या आजोबांची पगडी गेली, त्याबद्दल आम्ही कोठे संवर्धनसमिती नेमली होती!

वेष जपण्यास जागाही आहे. वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे नंगाऱ्याच्या आकाराची जी इमारत बांधली आहे, त्या बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. ते झाले हे उत्तम झाले. संग्रहालयाचा एक मोठा गुण असा, की ते खोटे बोलत नाही. येथे वस्तू ठेविल्या आहेत एवढेच ते सांगते. स्नेहसंमेलनातील घागऱ्याचा दोष हा, की तो स्वतःस नृत्य म्हणवितो.

हा घोटाळा आमच्याच तालुक्यात उपजला आहे असे मात्र कोणी समजू नये. जेथे जेथे गावाचा नाच रंगमंचावर चढला तेथे तेथे हा वाद झाला आहे, आणि त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मेक्सिकोचे. तिकडे हालिस्को प्रांतात टोपीभोवती फेर धरून नाचण्याचा, प्रणयाराधनाचा एक नाच आहे. १९१९ साली प्रख्यात रशियन नर्तकी आना पाव्हलोवा मेक्सिकोस गेली, आणि तिने तो नाच पायाच्या अंगठ्याच्या टोकावर उभे राहून, म्हणजे शुद्ध युरोपीय बॅलेच्या रीतीने करून दाखविला. लोक वेडे झाले. (याच पाव्हलोवाने १९२३ मध्ये लंडनला आमच्या उदयशंकरांस बरोबर घेऊन राधाकृष्णाचा नाच केला; तेव्हा परकीय आरशात पाहून स्वतःचे रूप ओळखण्याची खोड त्यांनाच होती असे नाही.) पुढे १९५२ साली आमालिया एर्नांदेस या बाईंनी अवघ्या आठ नर्तकांनिशी एक संस्था काढली, १९५९ पासून राजधानीतील कलामंदिरात तिचे नियमाने प्रयोग होऊ लागले, आणि ती जगभर फिरली. मेक्सिकोच्या लोकनृत्यास जगाच्या नकाशावर जागा मिळाली ती या बाईंमुळे, हे त्यांचे विरोधकही नाकारीत नाहीत. विरोधकांचे म्हणणे इतकेच, की खेड्यातला रात्रभर चालणारा नाच त्यांनी काही मिनिटांत बसविला, पाय बॅलेचे दिले, आणि मग खेड्यातीलच पोरे त्या पायांची नक्कल करू लागली. अस्सल वस्तू नकलेची नक्कल होऊन परत आली.

आमच्याकडे शाहीर साबळे यांनी ‘महाराष्ट्राची लोकधारा’ मधून कोळी, वासुदेव, गोंधळी, वाघ्या-मुरळी अशी सारी मंडळी एका रात्रीत एका रंगमंचावर आणली. ते काम मोठे होते आणि साबळ्यांच्या हातून ते शोभलेही, कारण तो गृहस्थ आधी शाहीर होता. शब्द त्याच्या कंठात होता, नाच त्याच्या मागून येत होता. परंतु त्यांच्या मागून जी पिढी आली तिने शाहिरी सोडली आणि रंगीत कपडे तेवढे ठेविले. आज महाराष्ट्राचे लोकनृत्य म्हणजे कोळीनृत्य आणि लावणी, आणि चवीस एखादे ‘आदिवासी नृत्य’ किंवा ‘बंजारा नृत्य’, असा जो शाळाशाळांतून ठरीव फराळ झाला आहे, तो साबळ्यांचा दोष नव्हे. तो आमचा आळस आहे.

आता मेक्सिकोचीच दुसरी बाजू. पोटासाठी तेथून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांनी कॅलिफोर्निया, टेक्सास अशा प्रांतांतून गावोगावी लहान लहान नृत्यपथके चालविली आहेत. मुले दिवसभर शाळेत इंग्रजी बोलतात आणि संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी कोठल्या तरी सभागृहात पाय आपटावयास शिकतात: हा नाच हालिस्कोचा, हा व्हेराक्रूझचा, यात नवरा-नवरीने हात न लावता नुसत्या पायांनी लांब फितीची गाठ मारावयाची. ही पथकेही रंगमंचावरच नाचतात, त्यांचेही घागरे शिवून घेतलेले असतात, त्यांच्याही नाचांची रचना पुष्कळदा त्या आमालियाबाईंचीच असते. मग आमच्या संमेलनावर खवळणारे आम्ही यांचे कौतुक का करतो? फरक आहे तो प्रेक्षागृहात. समोर बसलेली आजी ते गाणे जाणते. एखाद्याचा शब्द चुकला तर ती खुर्चीतल्या खुर्चीत चुळबूळ करते, आणि प्रयोग संपल्यावर नातवाचा कान धरते. नाच कोणासाठी, या प्रश्नास तेथे उत्तर आहे. गाव दूर राहिले, तेव्हा त्या लोकांनी पथकासच गाव केले.

म्हणून लोकनृत्य रंगमंचावर नेऊच नये, असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. इकडे पुसद, दिग्रस या बाजूस होळीच्या सुमारास लेंगीच्या स्पर्धा भरतात. तांड्यातांड्यांची मंडळे आपापले डफ घेऊन येतात. तेथेही बक्षिसे आहेत, ध्वनिक्षेपक आहेत, पुढाऱ्यांची भाषणे आहेत, आणि बक्षिसावरून भांडणेही होत असतील. माणसे आहेत तेथे भांडणे असावयाचीच. परंतु ओळ पडली की समोरचे लोक हसतात, कारण त्यांस विनोद कळतो. परीक्षकास नाही कळला तरी गर्दीस कळतो, आणि गर्दीपुढे लबाडी चालत नाही. आमच्या मांडवात मात्र शब्द कळणारे कोणीच नसते. म्हणून तेथे कोणतेही शब्द चालतात.

या आमच्या मतावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही तांड्यातील सुशिक्षितांकडूनच येतात, म्हणून त्यांस मान देणे प्राप्त आहे. पहिला असा, की लेंगीत पुष्कळ अश्लील भाग आहे, तिच्याबरोबर दारू आहे, आणि ज्या समाजास वर यावयाचे आहे त्याने हे लोढणे गळ्यात का बांधून घ्यावे? यावर आम्ही एवढेच म्हणू, की काय ठेवावे आणि काय टाकावे हे तांड्याने ठरवावे. ते तो ठरवीतही आहे, नाहीतर दारूबंदीची लेंगी कोठून आली असती? जुने गाणे गाळून नवे घालणे हा जिवंतपणा आहे. आमचा विरोध गाळण्यास नाही. सगळेच गाळून गिरकी तेवढी ठेवण्यास आहे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ‘तुमच्या मुलांनी इंग्रजी शिकावे आणि आमच्या मुलांनी लेंगी जपावी, ही वाटणी तुम्ही बरी केली!’ असे एका तरुण सहकाऱ्याने आम्हास तोंडावर सुनावले. त्याचे म्हणणे आम्ही मुकाट्याने ऐकून घेतले, कारण ते खरे होते. आमची स्वतःची मुले ओव्या विसरली, भूपाळ्या विसरली, आणि आम्ही डोळ्यांतून टिपूस काढले नाही. तांड्याच्या मुलाने डॉक्टर व्हावे, इंजिनिअर व्हावे. गहुलीच्या तांड्यातून निघालेले वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत या राज्याचे मुख्यमंत्री होतेच. प्रश्न असा आहे, की त्या मुलाने शाळेच्या उंबरठ्यावर आपली बोली चपलांसारखी काढूनच ठेविली पाहिजे काय?

आणि येथेच आमच्या मते मूळ दुखणे आहे. ते रंगमंचावर नाही, पहिलीच्या वर्गात आहे. तांड्यातले पोर घरी गोरबोली बोलते. सहाव्या वर्षी ते मराठी शाळेत येते आणि गुरुजींचे अर्धे बोलणे त्यास कळत नाही. मग ते ‘मंद’ ठरते. या बोलीस आठव्या परिशिष्टात जागा नाही. २०११ च्या जनगणनेत लमाणी अथवा लंबाडी बोलणारे ३२ लाखांहून अधिक लोक हिंदीच्या पोटात मोजले गेले. म्हणजे मोजतानाच ते पुसले गेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असे लिहिले आहे. ‘शक्य तेथे’ या दोन शब्दांत सरकारी कागदाची सारी बुद्धिमत्ता साठविलेली असते. ज्या दिवशी दहा वर्षांच्या मुलास आजीची ओळ कळेनाशी होईल त्या दिवशी लेंगी संपली; मग घागरे भाड्याचे असोत की स्वतःचे, सारखेच.

‘शक्य’ काय आहे याचा दाखला पैनगंगेच्या पलीकडे आहे. तेलंगणात, जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात, मार्लवाई नावाचे गोंडांचे खेडे आहे. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात तेथे पत्नीसह राहिले, आणि निजामाच्या राज्यात, १९४३ साली, त्या खेड्यात गोंड तरुणांस शिक्षक करण्याचे केंद्र उघडले गेले. गोंडी भाषेची पुस्तके तयार झाली ती देवनागरी लिपीत. दुसरे महायुद्ध चालू होते, खेड्यास धड रस्ता नव्हता, आणि तरीही ते शक्य झाले. त्याच मार्लवाईचे कनक राजू यांस गुस्साडी नृत्याबद्दल २०२१ सालची पद्मश्री मिळाली. २०२४ च्या ऑक्टोबरात ते वारले. गुस्साडी म्हणजे मोरपिसांचा भव्य मुकुट घालून, अंगास राख फासून दिवाळीपूर्वी गावोगाव नाचत जाणारे दंडारीतील देवस्वरूप नर्तक. तो मुकुट पूजा केल्यावाचून कोणी डोक्यावर ठेवीत नाही. राजू दिल्लीसही नाचून आले. पण गावची दंडारी चुकवून दिल्ली, असे तेथे नसते. गोंडीचे पुस्तक आणि गुस्साडीचा पद्मश्री एकाच खेड्याच्या वाट्यास यावे, यास कोणी योगायोग म्हणाले तर आम्ही वाद घालणार नाही. आमच्या मनातून मात्र ती गोष्ट जात नाही.

मग लेंग्या लिहून काढाव्या काय? काढाव्या, महाविद्यालये काढतील तितकी थोडीच. मात्र ते करताना आमच्या विषयातील एक जुनी गोष्ट आठवते. सर वॉल्टर स्कॉटने स्कॉटलंडच्या सीमेवरचे पोवाडे गोळा करून १८०२ साली छापले. त्यांपैकी काही त्यास सांगणारी, कवी जेम्स हॉगची आई, त्यास म्हणाली म्हणतात, की ही गाणी गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती. तुम्ही ती छापून त्यांची मोहिनी घालविलीत, आता ती कोणी गाणार नाही. पुढची शंभर वर्षे विद्वान स्कॉटचे ऋण मानीत आले, आणि म्हातारीचे म्हणणेही बरेचसे खरे ठरले. तेव्हा वही हवी, पण ती तांड्याच्या शाळेत हवी; विद्यापीठाच्या कपाटात तिची दुसरी प्रत असली तर असो.

स्नेहसंमेलनांविषयी आमची सूचना अगदी लहान आहे. गुणपत्रकावरील वेशभूषेचा रकाना काढावा आणि त्या जागी ‘शब्द’ असा रकाना घालावा. ध्वनिमुद्रित गाणे बंद करावे. ज्यांचा नाच त्यांच्यातील एक गाणारे माणूस मानधन देऊन बोलवावे, मुलींनी त्याच्याजवळ महिनाभर बसून गाणे शिकावे, आणि परीक्षकांतील एक खुर्ची त्या बोलीच्या माणसास द्यावी. हे जमत नसेल तर ‘बंजारा नृत्य’ असे नाव न देता ‘घागरा नृत्य’ असे म्हणावे. कोणाची हरकत असणार नाही. वाचकांतील ज्या मातांनी यंदाच्या संमेलनासाठी दुकानात आगाऊ रक्कम भरून ठेविली असेल त्यांनी ती परत मागावी असे आम्ही म्हणत नाही. मुलीस एवढेच विचारावे, की तू नाचतेस त्या गाण्याचा अर्थ काय?

गेल्या वर्षी एका स्पर्धेचे पुन्हा बोलावणे आले तेव्हा आम्ही ही खुर्चीची अट घातली. उत्तर आले की नियमावलीत तशी तरतूद नाही. आम्ही गेलो नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशी मात्र, पहाटेच्या अंधारात, त्या म्हातारीच्या तांड्यावर गेलो. गावाची होळी आदल्या रात्रीच विझली होती. तांड्याची तेव्हा पेटत होती. नायकाच्या अंगणात डफ तापवीत होते. याडीने आम्हास ओळखले, बसावयास घोंगडी दिली, आणि शब्द कळावे म्हणून शेजारी आपला नातू बसविला; पोर सहावीत होते, चुणचुणीत होते. ती ओळ टाकी, वर्तुळ ती उचली, आणि पोर आमच्या कानाशी लागून मराठीत अर्थ सांगे. पहिले कडवे त्याने सांगितले. दुसरेही सांगितले. तिसऱ्यात एका शब्दाशी तो अडला, जरा थांबला, मग ‘हा शब्द मले नाही येत, सर’ असे म्हणाला आणि उठून आजीकडे विचारावयास गेला. नाच चाललेला होता. आजी वर्तुळात होती. तो कडेला उभा राहून ती फिरून येण्याची वाट पाहू लागला.